दहा हजार परवाने आणि अकरा महिन्यांचा करार : बार्सेलोनातील पर्यटन व घरांचा प्रश्न

२१ जून २०२४ रोजी बार्सेलोनाचे महापौर जाउमे कोलबोनी यांनी एक घोषणा केली. शहरात पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने भाड्याने देण्यासाठी परवाना मिळालेल्या १०,१०१ सदनिका आहेत. त्यांपैकी एकाचाही परवाना नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. गेल्या दहा वर्षांत शहरातील घरभाडी ६८ टक्क्यांनी आणि घरांच्या किमती ३८ टक्क्यांनी वाढल्या, हे कारण त्यांनी दिले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ६ जुलैला, काही हजार रहिवाशांनी मोर्चा काढला. मोर्चातील काही जणांनी हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी ही पिचकाऱ्यांची दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली आणि त्यामुळे हा सारा मामला ‘पर्यटक विरुद्ध स्थानिक’ असा रंगवला गेला.

प्रत्यक्षात बार्सेलोनातले भांडण माणसांच्या गर्दीपेक्षा करारांच्या प्रकारांवर अधिक आहे. एकच सदनिका कोणत्या कायद्याखाली भाड्याने दिली जाते, यावर तिथे कोण राहणार आणि किती काळ राहणार हे ठरते. गेल्या पंधरा वर्षांत तिथल्या सदनिका एका करारातून दुसऱ्या करारात सरकत गेल्या, आणि प्रत्येक वेळी जिथे नियम सर्वांत सैल होता तिथेच त्या गेल्या. दहा हजार परवाने रद्द झाल्यावर दहा हजार कुटुंबांना घरे मिळतील का, या प्रश्नाचे उत्तर या सरकत्या व्यवहारात शोधावे लागते.

पार्श्वभूमी

बार्सेलोना हे शंभर चौरस किलोमीटरच्या आसपासचे शहर आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला कोल्सेरोलाची टेकडी, दोन टोकांना बेसोस आणि योब्रेगात या नद्या. वाढायला जागाच नाही. लोकवस्ती १७ लाखांच्या घरात. १९९२ च्या ऑलिम्पिकपूर्वी हे शहर पर्यटनासाठी फारसे ओळखले जात नव्हते. किनाऱ्याचा मोठा भाग कारखाने, गोदामे आणि लोहमार्ग यांनी अडवलेला होता. १९९० साली हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांची संख्या सुमारे १७ लाख होती. ऑलिम्पिकच्या निमित्ताने किनारा मोकळा झाला, रस्ते आले, शहराची जगभर जाहिरात झाली. पुढे स्वस्त विमानसेवा आल्या, क्रूझ जहाजे आली. २०२४ मध्ये शहरात मुक्कामाला आलेल्या पर्यटकांची संख्या दीड कोटीच्या वर गेली. शहराच्या एकूण उत्पन्नात पर्यटनाचा वाटा सातवा-आठवा हिस्सा तरी भरतो, त्यामुळे या धंद्याकडे पाठ फिरवणे कोणत्याही महापौराला परवडणारे नाही आणि कोलबोनी तसे करतही नाहीत.

गर्दीचा त्रास घराच्या बाहेरही आहेच. पर्यटकांच्या आवडत्या पार्क गुएल या उद्यानाच्या टेकडीवर चढणारी ११६ क्रमांकाची छोटी बस हे त्याचे बोलके उदाहरण आहे. बाजारहाट करून परतणाऱ्या वृद्ध रहिवाशांना या बसमध्ये पाय ठेवायला जागा मिळेना, म्हणून २०२४ च्या वसंतात महापालिकेच्या विनंतीवरून हा मार्ग गूगलच्या नकाशातून काढून टाकण्यात आला. पर्यटकांना बस दिसेनाशी झाली आणि तिच्यातली गर्दी कमी झाली. बसच्या बाबतीत हा उपाय चालला, कारण बसमधल्या जागेसाठी बोली लागत नाही. घराचे तसे नसते. तिथे दोन ग्राहक वेगवेगळी किंमत मोजायला तयार असतात.

संकटातून उघडलेला बाजार

पर्यटक-सदनिकांची वाढ केवळ एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळामुळे झाली, असे सरसकट सांगितले जाते. कंपनी २००८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली हे खरे. पण त्याच वर्षी स्पेनमधला बांधकामाचा फुगा फुटला, आणि बार्सेलोनाच्या प्रकरणात ही दुसरी घटना अधिक वजनाची ठरली. लाखो लोकांचे रोजगार गेले, गृहकर्जांचे हप्ते थकले, बँकांनी घरे ताब्यात घेतली. कर्जबाजारी घरमालकांच्या बाजूने उभी राहिलेली ‘पाह’ ही चळवळ २००९ मध्ये बार्सेलोनातच सुरू झाली, आणि तिच्यातून पुढे आलेल्या आदा कोलाउ २०१५ मध्ये शहराच्या महापौर झाल्या. बँकांनी कर्ज देताना हात आखडता घेतल्यामुळे घर विकत घेऊ शकले असते असे तरुण भाड्याच्या घरांकडे वळले. भाड्याच्या घरांची मागणी वाढत असतानाच त्यांचा पुरवठा दुसरीकडे वळवण्याची सोय कायद्यांनी करून ठेवली.

२०१२ च्या अखेरीस कॅटलोनिया, म्हणजे बार्सेलोना ज्याची राजधानी आहे त्या स्वायत्त प्रदेशाच्या सरकारने पर्यटन-निवासांविषयी नवे नियम केले. त्यानुसार सदनिका पर्यटकांना देण्यासाठी महापालिकेला आगाऊ लेखी कळवणे आणि ठरलेल्या अटी पाळणे एवढे पुरेसे होते. २०१३ मध्ये माद्रिदच्या, म्हणजे स्पेनच्या केंद्र सरकारने भाडेकायद्यात दुरुस्ती केली. निवासी भाडेकरूला मिळणारे संरक्षण पाच वर्षांवरून तीन वर्षांवर आणले गेले, आणि पर्यटकांना दिलेल्या सदनिका भाडेकायद्याच्या कक्षेतून बाहेर काढून प्रादेशिक पर्यटन नियमांच्या हवाली केल्या गेल्या. मंदीत पैसा आणि रोजगार यावा हा दोन्ही निर्णयांमागचा हेतू होता, त्यात कट-कारस्थान शोधण्याचे कारण नाही. परिणाम मात्र असा झाला की घरमालकाला दर तीन वर्षांनी एक प्रश्न विचारायची मुभा मिळाली : हे घर याच कुटुंबाकडे ठेवू, की पर्यटकांना देऊ? शहराच्या मध्यभागी तरी या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच येत होते.

बार्सेलोनेता : तीस चौरस मीटरचा हिशेब

हे गणित कसे चालते ते बार्सेलोनेता या एका वस्तीत फार स्पष्ट दिसते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सियुतादेयाचा किल्ला उभारण्यासाठी रिबेरा भागातील घरे पाडली गेली होती. त्या विस्थापितांच्या आणि मच्छीमारांच्या वस्तीसाठी १७५३ पासून समुद्राकाठच्या या त्रिकोणी पट्टीवर लष्करी अभियंत्यांनी आखलेल्या सरळ, अरुंद गल्ल्या आणि एकसारखी दुमजली घरे बांधली गेली. पुढे लोकसंख्या वाढली तशी या घरांची आधी अर्धी आणि मग पाव अशी वाटणी झाली, वर मजले चढले. त्यामुळे आजही इथली बरीच घरे ‘पाव घर’ म्हणून ओळखली जातात आणि त्यांचे क्षेत्रफळ तीस चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या वन रूम किचनएवढे असते. लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. भिंती इतक्या लागून की शेजाऱ्याची खोकल्याची उबळ ऐकू यावी.

कुटुंबाला हे घर अपुरे आहे, पण तीन रात्रींच्या पाहुण्याला पुरते, कारण त्याला समुद्र दोन मिनिटांवर हवा असतो आणि दिवसभर तो बाहेरच असतो. समजा, रात्रीला शंभर युरो मिळतात आणि महिन्यातल्या निम्म्याच रात्री भरतात, तरी दीड हजार युरो हाती येतात. याच घराचे मासिक भाडे देणाऱ्या बंदरकामगाराला किंवा निवृत्त कोळणीला त्याच्या निम्मे देणेही जड जाते. सफाई, चादरी आणि संकेतस्थळाची दलाली वजा केली तरी तफावत उरतेच. म्हणजे घर जितके लहान आणि गैरसोयीचे, तितका त्याला पर्यटक-सदनिका करण्याचा मोह अधिक, हे या वस्तीचे दुर्दैव. गरिबांची अशी लहान घरेच इथे आधी गेली.

ऑगस्ट २०१४ मध्ये काही तरुण पर्यटक भरदिवसा या गल्ल्यांतून विवस्त्र फिरले, त्यांची छायाचित्रे पसरली आणि वस्ती रस्त्यावर उतरली. रात्री-अपरात्री जिन्यात ओढल्या जाणाऱ्या बॅगा, दारूच्या बाटल्या, दर आठवड्याला बदलणारे शेजारी, असा बराच राग साठलेला होता. गॅलऱ्यांत ‘पर्यटक-सदनिका नकोत’ अशा अर्थाचे फलक लागले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तत्कालीन महापौर शाविएर त्रियास यांनी नव्या परवान्यांना स्थगिती दिली. परवाने आज दहा हजारांवर थांबलेले दिसतात ते या स्थगितीमुळे.

इथे थोडे स्वतःकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेली सदनिका स्वस्त पडते, सकाळी चहा-पोहे करता येतात, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर प्रश्नच मिटतो. या सोयीत गैर काही नाही. ती मागणी खरी आहे, आणि खरी असल्यामुळेच ती केवळ उपदेशाने कमी होत नाही.

परवाने गोठवल्यावर

कोलाउ यांच्या कारकिर्दीत या स्थगितीला आराखड्याचे रूप आले. जानेवारी २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पर्यटक-निवास आराखड्याने शहराचे पट्टे पाडले. जुन्या शहरात आणि आसपासच्या गर्दीच्या भागात एखादे हॉटेल बंद झाले तरी त्याच्या जागी नवे येणार नाही, असे ठरवले. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये विनापरवाना सदनिकांच्या जाहिराती दाखवल्याबद्दल एअरबीएनबी आणि तसेच दुसरे संकेतस्थळ होमअवे यांना प्रत्येकी सहा लाख युरोंचा दंड ठोठावला गेला. महापालिकेने तपासनीस नेमले, जे संकेतस्थळांवरच्या जाहिराती पाहून दारोदार जाऊन खात्री करत. विनापरवाना सदनिका हजारोंनी बंद झाल्या. २०२१ मध्ये राहत्या घरातील सुटी खोली ३१ दिवसांपेक्षा कमी काळासाठी देण्यावरही बंदी आली. युरोपातल्या इतर शहरांच्या तुलनेत ही अंमलबजावणी कडक होती, याबद्दल दुमत नाही.

पण गोठवण्याचा एक उलटा परिणामही झाला. परवाने मर्यादित झाल्यामुळे ज्यांच्याकडे ते होते त्यांच्या सदनिकेची किंमत वाढली. परवान्यासह विकल्या जाणाऱ्या सदनिकेला बाजारात जास्त भाव मिळू लागला. २०१४ पूर्वी अर्ज केलेल्यांना जणू कायमची जहागीर मिळाली आणि तिचे नूतनीकरण करण्याचीही गरज नव्हती. मुदत नसलेला परवाना ही या व्यवस्थेतील मूळ चूक होती, आणि ती दुरुस्त व्हायला नऊ वर्षे लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅटलोनिया सरकारने वटहुकूम काढून घरटंचाई असलेल्या गावांत आणि शहरांत पर्यटक-सदनिकांना पाच वर्षांच्या मुदतीचा परवाना बंधनकारक केला. जुन्या परवान्यांनाही पाच वर्षे मिळाली. ती नोव्हेंबर २०२८ मध्ये संपतात. महापौरांनी घोषणा केली ती एवढीच, की मुदत संपल्यावर आम्ही नवे परवाने देणार नाही. बंदीसाठी वेगळा कायदा करावा लागला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानेही हा वटहुकूम वैध ठरवला.

परिणामाचे मोजमाप

पर्यटक-सदनिकांच्या व्यावसायिकांची संघटना, अपार्तूर, हिचा युक्तिवाद असा की शहरात सुमारे आठ लाख घरे असताना दहा हजार सदनिका म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. एवढ्याने भाडी ६८ टक्क्यांनी वाढतील कशी? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घोषणांनी उत्तर देता येत नाही. बार्सेलोनाच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एअरबीएनबीचा परिणाम वेगळा काढून दाखवला आहे. सरासरी वस्तीत त्यामुळे भाडी १.९ टक्क्यांनी वाढली. जिथे अशा सदनिकांची दाटी सर्वाधिक आहे त्या वस्त्यांत मात्र सुमारे ७ टक्क्यांनी. विक्रीच्या किमतींवरचा परिणाम याहून बराच मोठा होता.

या आकड्यांतून दोन्ही बाजूंना सोयीचे तेवढेच उचलता येते. व्यावसायिक १.९ दाखवतात, चळवळी ७ दाखवतात. माझ्या मते दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. भाडेवाढीचा मोठा भाग पर्यटक-सदनिकांमुळे झालेला नाही, हे मान्य केलेच पाहिजे; बांधकामातली मंदी, स्थलांतर, परदेशी गुंतवणूक आणि सार्वजनिक घरांचा दुष्काळ ही कारणे त्यांच्यापेक्षा मोठी आहेत. पण सरासरी शहराची असते, घर वस्तीत असते. निम्म्याच्या आसपास परवाने एशाम्पला या एकाच विभागात एकवटलेले आहेत. ज्या जिन्यात पाच दारांपैकी तीन दारे पाहुण्यांची आहेत, तिथल्या उरलेल्या दोन बिऱ्हाडांना सव्वा टक्क्याचा आकडा ऐकवून काय उपयोग?

सार्वजनिक घरांचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो वादातीत आहे. स्पेनने अनेक दशके अनुदानित घरे बांधली, पण ती बहुतांशी विकली आणि काही वर्षांनी ती खुल्या बाजारात गेली. बार्सेलोनात सरकारी वा सामाजिक भाड्याची घरे दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. व्हिएन्नात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाते. २०१८ मध्ये महापालिकेने मोठ्या नव्या बांधकामांत ३० टक्के घरे परवडणाऱ्या दरात राखून ठेवण्याचा नियम केला, त्यातून अपेक्षेपेक्षा फारच कमी घरे हाती आली.

अकरा महिन्यांची पळवाट

२०२४ च्या सुरुवातीला बार्सेलोनातील नव्या करारांचे सरासरी भाडे १,१९० युरोंच्या घरात होते, तर त्या वर्षी स्पेनमधील किमान वेतन महिना १,१३४ युरो (वर्षाला चौदा हप्ते) होते. मार्च २०२४ मध्ये, देशाच्या २०२३ च्या गृहनिर्माण कायद्याचा आधार घेऊन, कॅटलोनियातील १४० नगरांत भाडेनियंत्रण लागू झाले. कॅटलोनियात भाडेकरूची अनामत रक्कम सरकारी भूमी संस्थेकडे जमा करावी लागत असल्यामुळे करारांची नोंद विश्वासार्ह असते, आणि त्या नोंदींत लवकरच दोन गोष्टी दिसल्या : नव्या निवासी करारांतले सरासरी भाडे थोडे खाली आले, आणि अशा करारांची संख्याही घटली.

काही घरे बाजारातून विक्रीकडे गेली. बरीच मात्र ‘हंगामी’ करारांत गेली. स्पेनच्या कायद्यात शिक्षण, नोकरीतील तात्पुरती बदली, उपचार अशा कारणांसाठी थोड्या मुदतीच्या भाड्याची तरतूद आहे. तिला निवासी भाड्याची, २०१९ मध्ये पुन्हा पाच वर्षांवर आणलेली हमीही लागू नाही आणि भाड्याची मर्यादाही व्यवहारात लागली नाही. असे करार बहुधा अकरा महिन्यांचे केले जातात. मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्या माणसाला अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही : दरवर्षी नवी बोलणी, नवी दलाली, आणि मालकाच्या मनात आले की सामान बांधायचे. पदव्युत्तर शिक्षणासाठी बार्सेलोनाला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनाही बहुधा हाच करार मिळतो, आणि ती मुले अजाणता त्याच घरासाठी स्थानिक कुटुंबाशी स्पर्धा करतात.

कासा ओर्सोला या इमारतीत हे सारे एकत्र आले. एशाम्पलातील कोन्सेल दे सेंत रस्त्यावरची, विसाव्या शतकाच्या आरंभीची ही इमारत २०२१ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. जुन्या भाडेकरूंचे करार संपले की त्यांचे नूतनीकरण करायचे नाही आणि घरे दुरुस्त करून हंगामी भाड्याने चढ्या दरात द्यायची, असे तिचे धोरण होते. समोरचा रस्ता महापालिकेने २०२३ पर्यंत पादचाऱ्यांना प्राधान्य देणारा आणि हिरवा केला, त्यामुळे भाव आणखी चढला. चांगल्या नगररचनेचे बक्षीसही मालकालाच मिळते, हा या शहराचा कडू अनुभव आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एका भाडेकरूला बाहेर काढण्याची तारीख ठरली, तेव्हा आदल्या रात्रीपासून शेकडो लोक दाराशी जमले आणि कारवाई पुढे ढकलावी लागली. फेब्रुवारीत महापालिकेने एका सामाजिक गृहनिर्माण संस्थेसोबत अख्खी इमारत ९२ लाख युरोंना विकत घेतली. इमारतीत सत्तावीसच्या आसपास घरे आहेत. रहिवासी वाचले, पण एका इमारतीला हा भाव, तर हा उपाय शहरभर किती वेळा परवडेल, असा प्रश्न चळवळीतल्याच अनेकांनी विचारला, आणि कंपनीला नफ्यासह सुटका मिळाली असेही सुनावले.

या प्रकरणात एकही पर्यटक नव्हता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. परवाना असो वा नसो, सदनिकेला तिसरी वाट उपलब्ध होती. हंगामी करारांना खरे कारण दाखवण्याची आणि त्याच भाडेमर्यादेची सक्ती प्रत्यक्षात पाळली गेली नाही, तर २०२८ मध्ये बंद होणाऱ्या दहा हजारांपैकी मोठा हिस्सा याच वाटेने जाईल. काही सदनिका विकल्या जातील. बार्सेलोनेतातल्या तीस मीटरच्या घरांना परदेशी ग्राहक सहज मिळेल. परवाने संपवणे आवश्यक आहे, असे मला वाटते, कारण त्याशिवाय एशाम्पला आणि जुन्या शहरात निवासी भाड्याचे गणित जुळणारच नाही. मात्र ते एकट्याने पुरेसे नाही, आणि महापालिकेच्या हातात फक्त परवाने आहेत. भाडेकायदा माद्रिद आणि कॅटलोनियाच्या विधिमंडळांच्या हातात आहे.

वेळापत्रकातही एक अडचण आहे. स्पेनमध्ये महापालिका निवडणुका मे २०२७ मध्ये आहेत, आणि परवाने संपतात त्यानंतर दीड वर्षाने. म्हणजे जी घोषणा कोलबोनी यांनी केली तिची अंमलबजावणी करणारा महापौर अजून निवडला जायचा आहे. अपार्तूरने नुकसानभरपाईचे दावे पुढे केले आहेत, आणि गुंतवणूक वसूल न झाल्याचे सिद्ध करणाऱ्या परवानाधारकाला आणखी मुदतवाढ मागण्याची फट वटहुकुमातच आहे.